वाचकांचे प्रश्न : ऑफसाइडची रेषा आणि व्हिडिओ पंच

फुटबॉलच्या नियमांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे ऑफसाइड आणि व्हीएआर, म्हणजे व्हिडिओच्या साहाय्याने होणारे पंचकाम, या दोन विषयांवरची आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांब पत्रांमधील मुख्य प्रश्न तेवढा घेतला आहे.

प्रश्न : शाहू स्टेडियमवर सामना पाहताना आमच्यात नेहमी एकच वाद होतो. आक्रमण करणारा खेळाडू आणि गोल यांच्यामध्ये समोरच्या संघाचा एक जण स्पष्ट दिसत असूनही लाइन्समन झेंडा वर करतो. एक बचावपटू पुढे असताना खेळाडू ऑफसाइड कसा ठरतो? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा वाद होतो, कारण मैदानाबाहेरून मोजताना आपण गोलरक्षकाला वेगळा काढतो आणि फक्त बचावपटूंकडे पाहतो. नियमावलीचे अकरावे कलम असा भेद करत नाही. खेळाडूचे डोके, धड किंवा पाय यांपैकी कोणताही भाग प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असेल आणि तो भाग चेंडूपेक्षा, तसेच प्रतिस्पर्धी संघाच्या गोलरेषेकडून मोजलेल्या दुसऱ्या खेळाडूपेक्षाही गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तर तो खेळाडू ऑफसाइड स्थितीत असतो. एरवी गोलरक्षक गोलपाशी असल्याने पहिला क्रमांक त्याचा लागतो आणि दुसरा क्रमांक सर्वांत मागच्या बचावपटूचा. गोलरक्षक पुढे धावून आला की हा हिशेब बदलतो. मग मागे उरलेला बचावपटू पहिला ठरतो आणि दुसरा कोण, हे नव्याने शोधावे लागते.

२०२२ च्या विश्वचषकाचा अगदी पहिलाच सामना याचे उत्तम उदाहरण आहे. २० नोव्हेंबर रोजी कतारविरुद्ध तिसऱ्या मिनिटाला इक्वाडोरच्या एन्नर व्हॅलेन्सियाने हेडरने गोल केला, स्टेडियममध्ये जल्लोष झाला आणि थोड्याच वेळात गोल रद्द झाल्याचे जाहीर झाले. घरी बसून पाहणाऱ्या अनेकांना त्यात काहीच गैर दिसले नव्हते. झाले होते असे, की फ्री किकवर आलेला चेंडू अडवण्यासाठी कतारचा गोलरक्षक गोल सोडून पुढे आला होता आणि त्याच्याशी झालेल्या झटापटीत चेंडू इक्वाडोरच्याच मिकाएल एस्त्रादाकडे गेला. त्या क्षणी एस्त्रादाचा पाय गोलरेषेकडून दुसऱ्या असलेल्या कतारी खेळाडूच्या पुढे होता. गोल व्हॅलेन्सियाने केला असला तरी चूक दोन टप्पे आधी, एस्त्रादाच्या ठिकाणी घडली होती.

पत्रात विचारले नसले तरी याच्याशी निगडित काही बाबी सांगणे आवश्यक आहे. खेळाडूची स्थिती सहकाऱ्याने चेंडू खेळला किंवा चेंडूला स्पर्श केला त्या क्षणाची पाहायची असते. चेंडू पोहोचला त्या क्षणाची नव्हे. हात आणि दंड मोजमापात धरले जात नाहीत, गोलरक्षकाचेही नाहीत, आणि हाताची हद्द काखेच्या खालच्या टोकापाशी सुरू होते. दुसऱ्या खेळाडूच्या अगदी रेषेत असलेला आक्रमक १९९० पासून ऑफसाइड धरला जात नाही. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांवरून थेट चेंडू मिळाल्यास ऑफसाइडचा प्रश्नच येत नाही.

मैदानाबाहेर गेलेला बचावपटूही मोजला जातो, हे मात्र पुष्कळ जाणकारांनाही ठाऊक नसते. २००८ च्या युरो स्पर्धेत नेदरलँड्सविरुद्ध इटलीचा पानुची स्वतःच्याच गोलरक्षकाशी टक्कर होऊन गोलरेषेच्या पलीकडे पडला होता. रुड व्हॅन निस्टलरॉयने गोल केला तेव्हा त्याच्यापुढे मैदानात केवळ एकच इटालियन होता, तरीही गोल ग्राह्य धरला गेला, कारण बाहेर पडलेला बचावपटू गोलरेषेवर उभा आहे असे नियम मानतो. तसे मानले नसते तर कोणताही बचावपटू एक पाऊल मैदानाबाहेर टाकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवू शकला असता.

प्रश्न : या नियमामुळे चांगले गोल रद्द होतात आणि नव्या प्रेक्षकांचा गोंधळ उडतो. हा नियम काढूनच टाकला तर काय बिघडेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आक्रमक खेळाडू गोलरक्षकाच्या पुढ्यात ठाण मांडून बसतील, त्यांना रोखण्यासाठी बचावपटूही तेथेच थांबतील आणि मधल्या मैदानात खेळण्यासारखे काही उरणार नाही. मधल्या फळीतून चेंडू हळूहळू पुढे नेण्याची सारी कला या नियमाच्या आधारावर उभी आहे. इतिहास असे सांगतो, की नियम जितका कडक तितका खेळ आखडतो. १८६३ च्या मूळ इंग्लिश नियमांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक खेळाडू ऑफसाइड होता, त्यामुळे पुढे पास देणेच शक्य नव्हते. १८६६ मध्ये गोलरेषेकडे तीन प्रतिस्पर्धी असले तर चालेल, अशी सूट मिळाली. १९०७ मध्ये स्वतःच्या अर्ध्या भागातील खेळाडूला या नियमातून वगळण्यात आले.

तीन खेळाडूंच्या त्या नियमाचा पुरेपूर फायदा न्यूकॅसल युनायटेडच्या बिल मॅक्रॅकनसारख्या बचावपटूंनी घेतला. दोन बचावपटूंपैकी एकाने नेमक्या क्षणी पुढे सरकायचे, दुसऱ्याने मागे राहायचे, आणि समोरचा आक्रमक ऑफसाइडमध्ये सापडायचा. डाव फसला तरी मागे दुसरा बचावपटू आणि गोलरक्षक असायचेच. खेळ सतत थांबू लागला आणि गोलांची संख्या रोडावली. अखेर १९२५ मध्ये स्कॉटिश संघटनेच्या प्रस्तावावरून तीनऐवजी दोन खेळाडूंचा नियम आला. त्याचा परिणाम पहिल्याच हंगामात दिसला. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९२४-२५ च्या हंगामात ४,७०० गोल झाले होते; १९२५-२६ मध्ये ते ६,३७३ झाले. या गोलांच्या पुराला बांध घालण्यासाठी हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने मधल्या फळीतील खेळाडूला मागे घेऊन तिसरा बचावपटू बनवले आणि पुढच्या काही दशकांची संघरचना त्यातून घडली. नियमातील एका आकड्याने खेळाडूंच्या उभे राहण्याच्या जागा बदलल्या. ज्या नियमात एवढे सामर्थ्य आहे तो काढून टाकण्याचा विचार मला धोक्याचा वाटतो.

प्रश्न : खेळाडू उघडउघड ऑफसाइड उभा असतानाही कधी कधी गोल दिला जातो. पडद्यावर रेषा आखून दाखवतात, तरी गोल कायम! हे कसे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ऑफसाइड स्थितीत असणे हा गुन्हा नाही, आणि या विषयातील बहुतेक गैरसमज याच एका वाक्यापाशी सुटतात. शिक्षा होते ती त्या स्थितीतून खेळात भाग घेतल्याबद्दल. सहकाऱ्याकडून आलेला चेंडू खेळणे, प्रतिस्पर्ध्याची नजर अडवणे, चेंडूसाठी त्याच्याशी झुंजणे, जवळच्या चेंडूवर जाण्याचा उघड प्रयत्न करून त्याच्या खेळण्यावर परिणाम करणे, किंवा गोलखांबावरून अथवा गोलरक्षकाच्या हातातून उसळलेला चेंडू खेळणे अशा गोष्टी घडल्या तरच पंचाने शिट्टी वाजवायची असते. उभे राहण्याची जागा मोजता येते; भाग घेतला की नाही, हे ठरवावे लागते. यंत्राने पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही अचूक दिले, तरी दुसरा प्रश्न पंचाच्याच पदरात राहतो.

१४ जानेवारी २०२३ रोजी मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटी यांच्या सामन्यात हे अंतर ठसठशीतपणे दिसले. मार्कस रॅशफर्ड ऑफसाइड स्थितीतून चेंडूमागे धावला, बराच वेळ चेंडू जणू त्याच्याच ताब्यात आहे असे वाटत होते, पण त्याने चेंडूला एकदाही पाय लावला नाही. मागून आलेल्या ब्रूनो फर्नांडिसने गोल केला. साहाय्यक पंचाने, म्हणजे लाइन्समनने, झेंडा वर केला होता, परंतु मुख्य पंचाने गोल दिला आणि युनायटेडने तो सामना २-१ असा जिंकला. माझ्या मते हा निर्णय नियमाच्या अक्षराला धरून असला तरी नियमाच्या हेतूला धरून नव्हता. सिटीचे बचावपटू आणि गोलरक्षक रॅशफर्डकडे पाहूनच आपापल्या जागा ठरवत होते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या खेळण्यावर परिणाम होणे याहून वेगळे काय असते?

दुसरा गुंता प्रतिस्पर्ध्याच्या स्पर्शाचा आहे. बचावपटूने जाणूनबुजून खेळलेला चेंडू ऑफसाइड स्थितीतील आक्रमकाकडे गेला, तर ऑफसाइड धरत नाहीत. चेंडू बचावपटूला नुसता लागून वळला, किंवा त्याने गोल वाचवताना अडवला, तर मात्र धरतात. २०१८ च्या विश्वचषकात कझान येथे दक्षिण कोरियाच्या किम यंग-ग्वॉनने भरपाईच्या वेळेत जर्मनीविरुद्ध गोल केला तेव्हा ऑफसाइडचा झेंडा वर गेला होता. व्हिडिओ पाहिल्यावर स्पष्ट झाले, की चेंडू त्याच्याकडे कोरियन सहकाऱ्याकडून नव्हे, तर जर्मनीच्या टोनी क्रूसच्या पायातून आला होता. गोल दिला गेला, पाठोपाठ दुसराही झाला आणि गतविजेते गटसाखळीतच बाद झाले. झेंडा वर करणाऱ्या पंचाला गोलपुढच्या त्या गर्दीत शेवटचा पाय कोणाचा हे दिसणे जवळजवळ अशक्य होते, आणि व्हिडिओ पंचाची खरी उपयुक्तता मला अशाच प्रसंगी जाणवते.

१० ऑक्टोबर २०२१ रोजी नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या किलियन एम्बापेचा स्पेनविरुद्धचा विजयी गोल असाच वादग्रस्त ठरला. पास निघाला तेव्हा तो ऑफसाइड स्थितीत होता, पण वाटेत स्पेनच्या एरिक गार्सियाने चेंडू अडवण्यासाठी झेप घेतली आणि चेंडूला त्याचा ओझरता स्पर्श झाला. हा स्पर्श जाणूनबुजून झालेला मानून गोल दिला गेला. म्हणजे बचावपटूने प्रयत्न केला म्हणून त्याचे नुकसान झाले. तो स्वस्थ उभा राहिला असता तर गोल रद्द झाला असता. ही विसंगती दूर करण्यासाठी नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, म्हणजे आयएफएबीने, २०२२ मध्ये खुलासा प्रसिद्ध केला. चेंडू दुरून व स्पष्ट दिसत आला होता का, बचावपटूला शरीराचा तोल सावरून तो नीट खेळण्याइतका वेळ होता का, हे पाहूनच स्पर्शाला जाणूनबुजून म्हणावे, असे त्याचे सार आहे.

प्रश्न : ऑफसाइड दिसत असूनही लाइन्समन खेळ पुढे का जाऊ देतात? गोल झाल्यावर झेंडा वर करण्याने खेळाडू विनाकारण धावतात. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ज्या सामन्यात व्हीएआर असते तेथे साहाय्यक पंचाला तशी सूचना असते. गोलची स्पष्ट संधी निर्माण झाली असता त्याने घाईने झेंडा वर केला आणि तो चुकीचा ठरला, तर हुकलेली संधी कोणताही व्हिडिओ परत आणू शकत नाही. उशिरा वर केलेला झेंडा चुकीचा असल्यास गोल मात्र परत देता येतो. खेळाडूंची नाहक धाव आणि त्यातून होणाऱ्या दुखापतींचा धोका ही तक्रार रास्त आहे, म्हणून खेळाडू काही मीटर पुढे आहे असे उघड दिसत असल्यास लगेच झेंडा दाखवणेच योग्य.

प्रश्न : बुटाच्या टोकाएवढ्या अंतरासाठी गोल रद्द होतो. कॅमेऱ्याचे हे मोजमाप खरोखर इतके अचूक असते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्वी नव्हते; आता बरेच जवळ आले आहे. पण 'बरेच जवळ' आणि 'अचूक' यांच्यामधील फट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

आधी साधे गणित पाहू. प्रसारणाचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे टिपतो असे धरले, तर दोन चित्रांमधील अंतर ०.०२ सेकंद होते. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा आक्रमक तेवढ्या वेळात १६ सेंटीमीटर पुढे जातो. त्याच वेळी बचावपटू ऑफसाइडचा सापळा लावण्यासाठी उलट दिशेने सेकंदाला ४ मीटर वेगाने सरकत असेल, तर आणखी ८ सेंटीमीटर त्यात मिळवावे लागतात. म्हणजे पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागल्याचे चित्र एकाने मागचे निवडले की पुढचे, एवढ्यावर दोन खेळाडूंमधील अंतर २४ सेंटीमीटरने बदलू शकते. त्यातच काख कोठे संपते आणि बाही कोठे सुरू होते, हे माणसाने धूसर चित्रावर बोट ठेवून ठरवायचे. अशा साधनाने दोन-तीन सेंटीमीटरचे निर्णय दिले जात होते. पडद्यावरची रेषा बारीक आणि रेखीव असल्याने तिच्यामागचे मोजमापही तितकेच रेखीव असेल असा प्रेक्षकांचा समज होई, आणि तो समज दूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही, याचे मला वाईट वाटते.

२०२२ च्या विश्वचषकात अर्धस्वयंचलित ऑफसाइड प्रणाली आली आणि परिस्थिती सुधारली. स्टेडियमच्या छताखाली बसवलेले १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंची जागा सेकंदाला ५० वेळा टिपत होते. चेंडूच्या आत बसवलेला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता, त्यामुळे पाय चेंडूला लागल्याचा क्षण माणसाने चित्र पुढे-मागे करून शोधण्याची गरज उरली नाही. चेंडूच्या बाबतीत अनिश्चितता दहापटीने घटली. खेळाडूंच्या शरीराची नोंद मात्र सेकंदाला ५० वेळाच होत होती, आणि दोन नोंदींमधील स्थिती गणितानेच भरून काढावी लागते. अर्जेंटिनाचे सौदी अरेबियाविरुद्धचे पूर्वार्धातील तीन गोल ऑफसाइड ठरले आणि सौदीने तो सामना २-१ असा जिंकला, तेव्हा या प्रणालीचा दबदबा जगाला कळला. जुन्या पद्धतीत त्यांतील एखादा गोल बहुधा टिकला असता.

तरीही २९ जून २०२४ रोजी डॉर्टमुंड येथे डेन्मार्कच्या वाट्याला जे आले ते पाहून माझे समाधान होत नाही. युरो स्पर्धेच्या बाद फेरीत यजमान जर्मनीविरुद्ध गोलशून्य बरोबरी असताना योआकिम आंदरसनने डेन्मार्कसाठी गोल केला. तपासणीत सहकारी थॉमस डेलेनीच्या बुटाचे टोक पुढे आढळले आणि गोल रद्द झाला. काही मिनिटांतच त्याच आंदरसनच्या हाताला चेंडू निसटता लागल्याचे चेंडूतील संवेदकाच्या आलेखावरून दाखवण्यात आले, पेनल्टी मिळाली, काई हाव्हर्ट्झने गोल केला आणि पुढे जर्मनीने सामना २-० असा जिंकला. दोन्ही निर्णय नियमाला धरून होते. पण डेलेनीला त्या टोकाएवढ्या पुढेपणातून कोणता लाभ झाला, हे कोणालाही दाखवता येणार नाही. खेळाडूने गोलपाशी आयता लाभ घेऊ नये म्हणून जन्मलेल्या नियमाचा असा वापर मला खटकतो.

म्हणून माझे मत असे आहे, की मोजमापात जेवढी अनिश्चितता आहे तेवढी मोकळीक आक्रमकाला उघडपणे द्यावी आणि तिचा आकडा आधी जाहीर करावा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१-२२ पासून जाड रेषा वापरून त्या एकमेकींवर आल्यास आक्रमकाला संशयाचा फायदा देण्यास सुरुवात केली, ते योग्य दिशेने टाकलेले पाऊल होते. यावर काही जण म्हणतात, की मोकळीक दिली तरी वाद मिटणार नाही. तो पाच सेंटीमीटर पलीकडे सरकेल. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. वाद सरकेल हे मान्य, पण सरकल्यावर ज्याचा गोल रद्द होईल तो खेळाडू निदान खात्रीने पुढे असेल. आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी सुचवलेला मोठा बदल, म्हणजे आक्रमकाच्या शरीराचा कोणताही भाग बचावपटूच्या रेषेत असला तर त्याला ऑफसाइड धरू नये, हा याहून वेगळा विषय आहे. तो मोजमापाचा प्रश्न सोडवत नाही. तो आक्रमकाला जवळजवळ एक पाऊल बहाल करतो, आणि १९२५ चा अनुभव पाहता बचावाच्या फळ्या त्यामुळे कितीतरी मागे सरकतील, असे मला वाटते.

प्रश्न : मी कामानिमित्त लंडनमध्ये राहतो. व्हिडिओ असूनही येथे ढळढळीत चूक झाली आणि ती कळूनही सुधारली गेली नाही, हे मी पाहिले आहे. मग या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय? – एक वाचक, लंडन

उत्तर : आपला रोख ३० सप्टेंबर २०२३ च्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्याकडे असावा. लिव्हरपूलच्या लुईस दियासने गोल केला, साहाय्यक पंचाने ऑफसाइड दिला आणि मैदानावरचा निर्णय 'गोल नाही' असा झाला. व्हिडिओ कक्षात रेषा आखल्यावर दियास ऑफसाइड नसल्याचे दिसले. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशी व्हिडिओ पंचाची समजूत झाली होती, म्हणून त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले. मुख्य पंचाने त्याचा अर्थ ऑफसाइड कायम आहे असा घेतला आणि फ्री किकने खेळ सुरू झाला. काही सेकंदांत कक्षातील लोकांच्या लक्षात घोटाळा आला, परंतु खेळ पुन्हा सुरू झाल्यावर ओळखीची गल्लत किंवा हिंसक वर्तन यांसारखे अपवाद वगळता मागील निर्णय बदलता येत नाही, या नियमाने त्यांचे हात बांधले गेले. लिव्हरपूलने तो सामना भरपाईच्या वेळेतील स्वयंगोलमुळे २-१ असा गमावला. पंच संघटनेने मानवी चूक मान्य केली आणि कक्षातील संभाषणाची ध्वनिफीतही प्रसिद्ध केली.

त्या कक्षात यंत्र चुकले नव्हते. दोन माणसांनी एकमेकांना 'मैदानावरचा निर्णय काय आहे?' एवढे स्पष्ट विचारले नाही. अशा कामात प्रत्येक टप्पा मोठ्याने बोलून खात्री करून घेण्याची शिस्त लागते आणि ती कॅमेऱ्याबरोबर विकत मिळत नाही. खेळ सुरू झाल्यावर मागे न जाण्याचा नियम मात्र मला आवश्यक वाटतो. तो शिथिल केला तर कोणताही गोल कधीच पक्का मानता येणार नाही.

व्हीएआर २०१८ मध्ये नियमावलीत आले तेव्हा त्याची व्याप्ती गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड या चार बाबींपुरती ठेवली होती, तीही उघड व ठळक चूक असेल तरच. ऑफसाइडची जागा ही वस्तुस्थिती मानली जात असल्याने तेथे 'ठळक' ही अट लागत नाही, आणि मिलिमीटरचे वाद नेमके तेथूनच आले. जून २०२४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनने प्रीमियर लीगमधून व्हीएआर काढण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा २० पैकी १९ क्लबांनी त्याविरुद्ध मत दिले. स्वीडनच्या क्लबांनी मात्र चाहत्यांच्या विरोधामुळे ते स्वीकारण्यासच नकार दिला. दोन्ही बाजूंना एक तक्रार समान आहे, ती म्हणजे पैसे मोजून स्टेडियममध्ये बसलेल्या प्रेक्षकाला काय चालले आहे हेच कळत नाही. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी ध्वनिक्षेपकावरून निर्णय आणि त्याचे कारण सर्वांना ऐकवले. ही पद्धत सर्वत्र सक्तीची व्हावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रश्न : फातोर्ड्याला आम्ही वर्षानुवर्षे सामने पाहतो. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, व्हीएआर का आणत नाहीत? – एक वाचक, मडगाव

उत्तर : फातोर्ड्याच्या मैदानाला व्हीएआर अनोळखी नाही. २०२२ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ते वापरले गेले आणि त्या स्पर्धेचे सामने गोवा, नवी मुंबई व भुवनेश्वर येथे झाले. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झालेल्या महिला आशियाई चषकातही उपांत्यपूर्व फेरीपासून व्हीएआर होते. आयएसएलमध्ये मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत ते आलेले नव्हते. काही दिवसांच्या स्पर्धेसाठी बाहेरून यंत्रणा आणि पंच आणता येतात. संपूर्ण हंगामासाठी प्रत्येक मैदानावर पुरेसे कॅमेरे, स्वतंत्र कक्ष, फिफाची मान्यता आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षित व्हिडिओ पंच लागतात. व्हिडिओ पंचाचे काम मैदानावरच्या कामाहून इतके वेगळे आहे, की चांगला पंच ते आपोआप चांगले करेल असे नाही.

गरज मात्र तीव्र आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरु येथे सुनील छेत्रीच्या झटपट घेतलेल्या फ्री किकवरून केरला ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला आणि त्याला चार कोटी रुपयांचा दंड झाला. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे तर याहून मोठे नुकसान झाले. लालियानझुआला छांगटेच्या गोलमुळे भारत आघाडीवर असताना ७३ व्या मिनिटाला गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली, तो गोल दिला गेला, भारत २-१ असा हरला आणि विश्वचषक पात्रता स्पर्धेतून बाहेर पडला. त्या सामन्यात व्हीएआर नव्हते. एका कॅमेऱ्याच्या एका चित्राने तो गोल रद्द झाला असता, हे कोणीही भारतीय चाहता विसरणार नाही.

माझ्या मते आपल्याकडे महागडी ऑफसाइड प्रणाली येण्याची वाट पाहत बसू नये. फिफाने २०२४ मध्ये २० वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात एक सोपी पद्धत वापरून पाहिली. तिच्यात स्वतंत्र व्हिडिओ पंच नसतो. प्रत्येक प्रशिक्षकाला दोन वेळा तपासणी मागता येते, मुख्य पंच स्वतः मैदानाच्या कडेच्या पडद्यावर चित्र पाहतो आणि मागणी योग्य ठरल्यास ती संधी प्रशिक्षकाकडे कायम राहते. मोजक्या कॅमेऱ्यांवर भागते. तिने सेंटीमीटरचा ऑफसाइड सुटणार नाही, पण दोह्यासारखा अन्याय निश्चित टळेल, आणि माझ्या लेखी प्राधान्य त्यालाच आहे.

प्रश्न : मी शालेय आणि गावपातळीवरच्या सामन्यांत लाइन्समनचे काम करतो. मोबाइलवर मोठे सामने पाहून प्रेक्षक आमच्याकडूनही तसल्याच निर्णयांची अपेक्षा करतात. ऑफसाइड चुकू नये यासाठी काय करावे? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सर्वांत मोठी चूक नजरेची नसून उभे राहण्याच्या जागेची असते. गोलरेषेकडून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या, किंवा चेंडू त्याच्याहून पुढे असल्यास चेंडूच्या, अगदी रेषेत राहावे. आपण त्या रेषेच्या मीटरभर पुढे किंवा मागे असलात, तर तिरक्या नजरेमुळे मैदानाच्या पलीकडच्या बाजूचा आणि अलीकडचा खेळाडू एका रेषेत असूनही पुढे-मागे दिसतात. शक्य तेवढे मैदानाकडे तोंड ठेवून बाजूला पावले टाकत सरकावे; पाठ वळवून धावण्याची वेळ केवळ लांब पासवर यावी. पास देणाऱ्याच्या पायाकडे टक लावून पाहिल्यास तेथून नजर रेषेकडे येईपर्यंत खेळाडू पुढे गेलेले असतात, म्हणून नजर रेषेवर ठेवून पासचा आवाज ऐकण्याची सवय लावावी. गावच्या मैदानावर गर्दी कमी असल्याने हे सहज साधते.

टीव्हीवर दिसणारा उशिराचा झेंडा आपण मुळीच अनुकरणात आणू नये, कारण तो केवळ व्हीएआर असलेल्या सामन्यांसाठी आहे. आपल्या सामन्यात क्षणभर थांबायचे ते एवढ्यासाठीच, की ऑफसाइड स्थितीतील खेळाडू खरोखर खेळात भाग घेतो की मागून दुसराच कोणी चेंडूवर येतो हे कळावे. चेंडूकडे तो एकटाच जात असेल आणि दुसरे कोणी पोहोचण्याची शक्यता नसेल, तर स्पर्शाची वाट न पाहता झेंडा वर करावा. पूर्ण खात्री नसेल तेव्हा झेंडा खालीच ठेवावा. पंचाने शिट्टी वाजवल्यावर खेळाडू मैदानाच्या पलीकडच्या भागात असल्यास झेंडा तिरका वर, मध्यभागी असल्यास आडवा आणि आपल्या बाजूला असल्यास तिरका खाली धरावा, म्हणजे फ्री किक कोठून घ्यायची हे पंचाला विचारावे लागत नाही.